अटींतून निसटणाऱ्या नोंदी : प्रस्तावना

मतदारयादीत नाव शोधायचे तर निवडणूक आयोगाने दिलेला एक मार्ग अगदी सरळ आहे: ओळखपत्राचा क्रमांक टाका, नाव समोर येते. क्रमांक हाताशी नसेल तर दुसरा मार्ग धरावा लागतो. राज्य निवडा, स्वतःचे नाव लिहा, वडिलांचे किंवा पतीचे नाव लिहा, जन्मतारीख किंवा वय भरा, लिंग, जिल्हा, मतदारसंघ सांगा. पहिल्या मार्गात अट एकच, ती जुळते किंवा जुळत नाही. दुसऱ्या मार्गात पाच-सहा अटी एकाच वेळी, एकाच नोंदीत जुळाव्या लागतात. हे पुस्तक या दुसऱ्या मार्गाबद्दल आहे. बँकेतला कर्मचारी खातेदार शोधतो, रुग्णालयात जुना केसपेपर शोधला जातो, ग्रंथालयात लेखक, विषय आणि प्रकाशनवर्ष लावून पुस्तक शोधतात, तलाठी कार्यालयात खातेदाराच्या नावावरून गट क्रमांक शोधतात. काम सगळीकडे तेच असते, अनेक रकान्यांवर अटी लावून नोंदी गाळायच्या. हे काम करणाऱ्या बहुतेकांची समजूत अशी असते की जितक्या जास्त अटी लावाव्यात तितका शोध नेमका होतो. या प्रस्तावनेत मला एवढेच दाखवायचे आहे की ही समजूत अर्धी खरी आहे. तिचा उरलेला अर्धा भाग खोटा असतो आणि तो पडद्यावर कधीच दिसत नाही, म्हणून त्याची किंमतही कुणी मोजत नाही.

अनेक बाजूंनी शोधता येणे ही सोय आपल्याला फार उशिरा मिळाली, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. कागदाच्या नोंदवहीला एकच क्रम असतो. जन्ममृत्यूची वही तारखेने लिहिलेली असेल तर नावाने शोधायला ती पहिल्या पानापासून चाळावी लागते. ग्रंथालयांनी यावर तोडगा काढला तो कार्डांचा: एकाच पुस्तकाचे लेखकाचे कार्ड वेगळे, शीर्षकाचे वेगळे, विषयाचे वेगळे. एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरणात याच्याही पुढचे पाऊल टाकले. पुस्तकाचा विषय एका चौकटीत न कोंबता त्याचे पैलू सुटे करायचे आणि वर्गांकात ते एकामागून एक मांडायचे. स्थळ हा एक पैलू, काळ हा दुसरा. आज आपण ज्याला रकाने म्हणतो त्याच्या फार जवळ जाणारी ही कल्पना होती. त्याच्याही आधी अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथच्या यंत्राने छिद्रे पाडलेल्या कार्डांवरून दोन-तीन गुणांची सांगड घालून माणसे मोजली. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉडने माहिती तक्त्यांत कशी ठेवावी याचा गणिती पाया घातला, आणि त्याच दशकाच्या मध्यावर त्याच कंपनीतल्या मोशे झ्लूफने कोरा तक्ता समोर ठेवून त्यातच हव्या त्या अटी भरायची पद्धत मांडली. पडद्यावरचे आजचे बहुतेक शोधफॉर्म याच पद्धतीच्या वंशातले आहेत.

त्या तक्त्याचा एक नियम पुढच्या सगळ्या विवेचनाला लागतो, म्हणून तो इथेच सांगून टाकतो. एका ओळीत भरलेल्या अटी सगळ्या एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात. वेगवेगळ्या ओळींत भरलेल्यांपैकी कोणतीही एक ओळ जुळली तरी चालते. बोलताना आपण सहज म्हणतो, पुणे आणि सातारा जिल्ह्यातले साठीपुढचे सभासद काढा. हे वाक्य जसेच्या तसे एका ओळीत भरले तर एकही सभासद मिळणार नाही, कारण एका माणसाच्या नोंदीत जिल्हा एकच असतो. म्हणून दोन ओळी हव्यात. तिथेही एक फसवी जागा आहे. पहिल्या ओळीत पुणे, दुसऱ्या ओळीत सातारा आणि वय साठच्या पुढे असे लिहिले, तर साताऱ्याचे साठीपुढचे मिळतात, पण पुण्याचे मात्र झाडून सगळे येतात, अठरा वर्षांच्या मुलासह. वयाची अट दोन्ही ओळींत लिहायला हवी होती. तक्त्यांना प्रश्न विचारण्याच्या एसक्यूएल या भाषेत कंस न घालता हीच विनंती लिहिली तरी हाच घोटाळा होतो, कारण तिथे ‘आणि’ची गाठ ‘किंवा’च्या आधी बांधली जाते. अशी चूक निदान डोळ्यांना दिसते. यादीत नको ती माणसे आली की पाहणारा दचकतो आणि अट तपासतो. जी चूक दिसत नाही तिच्याकडे आता वळतो.

समजा, एखाद्या नोंदवहीतला प्रत्येक रकाना शोधणाऱ्याच्या मनातल्या मजकुराशी नव्वद टक्के वेळा जुळतो. हे प्रमाण मी हिशोबासाठी धरले आहे, आणि ते वाईट मुळीच नाही. एक अट लावली तर हवी ती नोंद हाती लागण्याची शक्यता नव्वद टक्के. दोन लावल्या तर एक्याऐंशी. तीनला सुमारे त्र्याहत्तर, चारला सहासष्टच्या आसपास, आणि पाच अटींना एकोणसाठ. म्हणजे हवी असलेली नोंद वहीत खरोखर असूनही दर पाचांत दोनदा ती निसटते. यात कुणी निष्काळजीपणा केलेला नाही, यंत्र बिघडलेले नाही, प्रत्येक रकाना आपापल्या जागी बऱ्यापैकी चोख आहे. नुकसान होते ते गुणाकारामुळे. आणि त्याच वेळी उलट दिशेने दुसरी एक गोष्ट घडत असते: दर अटीगणिक यादी आखूड होते, उरलेल्या नोंदी जास्त बरोबर वाटू लागतात आणि शोधणाऱ्याचा विश्वास वाढतो. जे सापडले ते बघून तो समाधानी होतो, आणि जे गळाले ते बघायची सोयच त्याच्यापाशी नसते.

हा केवळ कागदावरचा हिशोब नाही. १९८५ साली डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन यांनी एका मोठ्या खटल्यातल्या कागदपत्रांवर केलेली पाहणी प्रसिद्ध केली. सुमारे चाळीस हजार दस्तऐवज, साडेतीन लाखांच्या घरात पाने, सगळी आयबीएमच्या शोधप्रणालीत चढवलेली. शोधणारे वकील आणि त्यांचे साहाय्यक होते, म्हणजे खटला ज्यांना तोंडपाठ होता अशी माणसे. खटला नीट लढवायचा तर संबंधित कागदांपैकी निदान पंचाहत्तर टक्के हाती आलेच पाहिजेत, अशी त्यांची अट होती. शोध पुरा झाला असे त्यांना वाटेपर्यंत त्यांनी तो चालवला. मग संशोधकांनी न सापडलेल्या कागदांचे नमुने तपासले तेव्हा आढळले की प्रत्यक्षात सरासरी वीस टक्केच हाती आले होते. हाती आलेल्यांपैकी बहुतेक कागद उपयोगाचेच होते, म्हणून तर कुणाला शंका आली नाही. कारणमीमांसाही त्यांनीच केली. एक शब्द टाकला की हजारो कागद पुढे येत, ते वाचणे अशक्य, म्हणून वकील आणखी एक शब्द जोडत, मग आणखी एक, यादी आटोक्यात येईपर्यंत. दरम्यान एकाच अपघाताला एका बाजूची माणसे अपघात म्हणत होती, तर दुसऱ्या बाजूच्या पत्रव्यवहारात ती नुसती घटना किंवा अडचण होती.

यावर पहिला आक्षेप लगेच येईल आणि तो वाजवी आहे. ते मोकळे लिखाण होते, लोक हवे तसे लिहितात. रकान्यांत तसे होत नाही. जिल्हा म्हणजे जिल्हा, जन्मतारीख म्हणजे जन्मतारीख. दिसायला हे खरे आहे. पण महाराष्ट्रातल्या कोणत्याही मोठ्या नोंदवहीत जन्मतारखेच्या रकान्यावर नजर टाका, १ जूनला जन्मलेल्यांची गर्दी दिसेल. शाळेत नाव घालताना नेमकी तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लावत, हे आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. म्हणजे त्या रकान्यात अनेकांच्या बाबतीत जन्माची तारीख नाहीच, शाळाप्रवेशाची एक रीत आहे. त्याच माणसाच्या दुसऱ्या एखाद्या कागदावर खरी तारीख असू शकते, आणि मग दोन कागद एकमेकांना ओळखत नाहीत. जिल्ह्याचे तसेच. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. २०१२ साली डहाणूत झालेली नोंद ठाण्याखाली आहे. जिल्हा पालघर अशी अट लावणाऱ्याला ती मिळणार नाही, आणि डहाणू तर जागचे हललेले नाही. नंदुरबार धुळ्यातून, वाशीम अकोल्यातून, हिंगोली परभणीतून, गोंदिया भंडाऱ्यातून निघाले. औरंगाबाद आणि उस्मानाबाद यांची नावे बदलली, अहमदनगरचे बदलले. रकाना नेमका दिसतो एवढेच. त्यात भरलेला मजकूर कोणत्या साली, कोणत्या रीतीने, कुणी भरला यावर त्याचा अर्थ ठरतो.

नावाचा रकाना तर आणखी खोल पाण्याचा. मराठी माणसाच्या नावाचे तीन भाग, मधला वडिलांचा किंवा पतीचा, ही घडी इतकी बसलेली आहे की शोधफॉर्म तीन कप्प्यांचेच बनवले जातात. राज्य शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी शासकीय कागदपत्रांवर स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा चार भागांचा क्रम ठरवला. निर्णय योग्यच आहे. पण यापुढे कितीतरी वर्षे एकाच घरातल्या दोन भावंडांची नावे दोन घड्यांत लिहिलेली असतील, आणि मधल्या नावाच्या कप्प्यात आईचे नाव आहे की वडिलांचे हे शोधणाऱ्याला जन्मसाल पाहून ठरवावे लागेल.

इथे गणिताची जाण असलेला वाचक दुसरा आक्षेप घेईल: वरचा गुणाकार तेव्हाच बरोबर, जेव्हा एका रकान्यातली चूक दुसऱ्या रकान्यातल्या चुकीपासून स्वतंत्र असते. प्रत्यक्षात चुका एकाच नोंदीत गोळा होतात. ज्या नोंदीत नाव चुकले तिच्यात पत्ताही चुकलेला असायचा, मग बाकीच्या नोंदी पाचही अटींतून सुखरूप पार होतात आणि एकूण नुकसान मी सांगितले त्यापेक्षा कमी भरते. आक्षेप बरोबर आहे, आणि त्याचे उत्तर मला जास्त अस्वस्थ करणारे वाटते. चुका गोळा होतात म्हणजे त्या ठरावीक माणसांवर गोळा होतात. लग्न झालेल्या बाईचे उदाहरण घ्या. मधले नाव बदलते, आडनाव बदलते, गाव आणि तालुका बदलतो, काही घरांत पहिले नावसुद्धा बदलतात. शोधफॉर्मवरच्या चार-पाच कप्प्यांतला मजकूर तिच्या बाबतीत एका मांडवाखाली बदलला. तिच्या भावाची नोंद मात्र तीस वर्षांनी शोधली तरी सगळ्या अटींत चपखल बसते. तीच गत ऊसतोडीला हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची, जन्मदाखला नसलेल्या म्हाताऱ्यांची, ज्यांचे नाव लिहिणाऱ्याच्या कानाला परके होते अशा आदिवासी पाड्यांवरच्या माणसांची. सरासरी आकडा कमी झाला म्हणून समाधान मानता येत नाही. अटी वाढवत नेणारा शोध तीच ती माणसे पुन्हा पुन्हा गाळतो, आणि बहुधा त्यांनाच त्या नोंदीची सर्वांत जास्त गरज असते.

तिसरा आक्षेप आजच्या काळातला आहे. तंतोतंत जुळणी मागणारे शोध जुने झाले, आता यंत्र उच्चार ओळखते, जवळचे शब्द सुचवते, तेव्हा ही चिंता कशाला? यंत्राच्या या कुवतीला मी कमी लेखत नाही, पण ती मराठीत कुठे अडखळते ते जवळून पाहायला हवे. कऱ्हाडे हे आडनाव घ्या. त्यातला आडवा अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एका कळफलकावर नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग ह. दुसऱ्यावर साधा र, हलन्त, त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह, मग ह. पडद्यावर आणि छापील कागदावर दोन्ही आडनावे हुबेहूब सारखी दिसतात, आणि संगणकाच्या लेखी ती दोन निराळी आडनावे असतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणाचे जे नेहमीचे नियम आहेत त्यांनीही ती एक होत नाहीत. त्यासाठी मुद्दाम नियम लिहावा लागतो. युनिकोड येण्याआधी निरनिराळ्या फॉन्टांत टंकलेल्या आणि नंतर रूपांतरित केलेल्या याद्यांमध्ये तर याहून कितीतरी विचित्र अवशेष राहून गेलेले असतात. त्यात सूर्यवंशीचा ऱ्हस्व-दीर्घ सू, पाटीलची वेलांटी, एका यादीत मराठी आकडे आणि दुसरीत इंग्रजी, ही नेहमीची कुरबुर वेगळीच.

उच्चारावरून शोधण्याची सर्वांत प्रसिद्ध पद्धत साउंडेक्स. तिचे पेटंट अमेरिकेत १९१८ साली रॉबर्ट रसेलला मिळाले आणि आजही अनेक डेटाबेसांत ती तयार मिळते. नावाचे पहिले रोमन अक्षर तसेच ठेवायचे, स्वर गाळायचे आणि उरलेल्या व्यंजनांना गटवार आकडे द्यायचे, असा तिचा नियम. आता वाघ हे आडनाव रोमन लिपीत कुणी डब्ल्यूने लिहितो, कुणी व्हीने. पहिले अक्षर वेगळे म्हणून साउंडेक्सच्या लेखी ही दोन आडनावे कधीच एक होत नाहीत. उलट जोशी आणि जोग या दोघांना मात्र ती एकच संकेत देते, जे-२००. आपल्याला जे एक वाटते ते तिला दोन, आणि आपल्याला जे दोन वाटतात ते तिला एक. म्हणून सैल जुळणीचे साधन वापरताना ते कोणत्या भाषेच्या कानाने घडवले आहे हे आधी विचारावे लागते. नव्या पद्धती साउंडेक्सपेक्षा पुष्कळ बऱ्या आहेत, पण हा प्रश्न त्यांनाही लागू आहे. शिवाय असा सैलपणा नावांच्या उच्चारापुरता असतो; पालघर आणि ठाणे यांच्यात उच्चाराचे कसलेच साम्य नाही, आणि १ जून ही तारीख कोणत्याही खऱ्या जन्मतारखेच्या मुद्दाम जवळ नाही.

रिकाम्या रकान्याबद्दल स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात. कॉडच्या परंपरेत माहीत नसलेल्या गोष्टीची तुलना केली तर उत्तर खरे किंवा खोटे न येता अज्ञात असे येते, आणि अज्ञात उत्तराची नोंद यादीत घेतली जात नाही. त्यामुळे तालुका हवेली अशी अट लावून आलेल्या नोंदी आणि तालुका हवेली नसलेला अशी अट लावून आलेल्या नोंदी यांची बेरीज एकूण नोंदींइतकी भरेलच असे नाही. ज्यांचा तालुका लिहिलेलाच नाही ती माणसे दोन्ही याद्यांबाहेर राहतात. ही बेरीज करून पाहायला दोन मिनिटे लागतात. नवी नोंदवही हाती आली की महत्त्वाच्या प्रत्येक रकान्यावर ती आधी करून पाहावी, असा माझा आग्रह आहे.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. अटी कमी ठेवल्या तर हजारो नोंदी समोर येतील, त्यांतून माणूस काय निवडणार? आणि चुकीचा माणूस निवडला गेला तर त्याचे काय? हे भय खरे आहे. अमेरिकेत कॅन्सस राज्याच्या पुढाकाराने अनेक राज्यांच्या मतदारयाद्या एकमेकींशी ताडून पाहण्याचा कार्यक्रम बरीच वर्षे चालला. पहिले नाव, आडनाव आणि जन्मतारीख जुळली की तो एकच मतदार दोनदा नोंदलेला असण्याचा संशय. लाखो नावांच्या याद्यांत हे तिन्ही रकाने जुळूनही माणसे वेगळी असणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि ज्यांचे नाव-आडनाव सर्रास आढळते त्यांच्यावर तो संशय जास्त पडला. आपल्या १ जूनच्या गर्दीत असे काही केले तर काय होईल याची कल्पना करणे अवघड नाही. तेव्हा मी कमी अटींचा पुरस्कर्ता नाही. एखाद्याचे नाव यादीतून काढायचे असेल, कुणाच्या खात्यातून पैसे वळते करायचे असतील, तर अटी कडकच हव्यात, आणि त्यावर माणसाची नजरही हवी. पण एखाद्याची नोंद नाही असे सांगायचे असेल तर कडक अटींवर विसंबून ते सांगता येत नाही. दोन कामांचे धोके उलट दिशांचे आहेत, आणि आपल्या बहुतेक कार्यालयांत दोन्हींसाठी एकच फॉर्म एकाच पद्धतीने भरला जातो.

मधला रस्ता आहे आणि तो फारसा अवघडही नाही. सगळे कप्पे एकदम भरण्याऐवजी एकेक अट लावत जावे आणि दर वेळी उरलेल्या नोंदींची संख्या पाहावी. ज्या रकान्यातला मजकूर सर्वांत कमी बदलतो आणि सर्वांत जास्त नोंदी दूर करतो, तो आधी. बारामती तालुका लावल्यावर पुणे जिल्हा लावू नये. त्याने एकही फालतू नोंद कमी होत नाही, फक्त जिल्ह्याचा रकाना चुकीचा किंवा रिकामा असलेल्या नोंदी गळतात. एखाद्या अटीवर संख्या अचानक कोसळली तर पुढे जाऊ नये. ती अट उलटी करून, गळालेल्या नोंदींतल्या दहा-वीस वाचून पाहाव्यात. रकान्यात नेमके काय भरले जाते हे त्या दहा-वीस नोंदींतून जितके कळते तितके कोणत्याही मार्गदर्शिकेतून कळत नाही. आणि जन्मतारखेऐवजी जन्मसालाच्या अलीकडे-पलीकडे दोन वर्षे, पूर्ण आडनावाऐवजी त्याची पहिली दोन अक्षरे, असे पल्ले ठेवले तर अटींची संख्या तीच राहूनही गळती पुष्कळ आवरते.

नोंदणीच्या वेळीच काळजी घेतली, तयार यादीतून निवडायला लावले, तर पुढचा सगळा व्याप वाचेल असेही म्हटले जाते. घ्यावीच काळजी. पण जिल्ह्यांची तयार यादीच दर काही वर्षांनी बदलते हे वर आलेच आहे, आणि काल लिहिलेल्या कोट्यवधी नोंदी उद्याच्या शिस्तीने सुधारत नाहीत. त्यापेक्षा शोधफॉर्म बनवणाऱ्यांकडून एक छोटी मागणी जास्त उपयोगाची ठरेल. नोंद आढळली नाही एवढे एकच वाक्य दाखवून थांबू नये. कोणत्या अटीपर्यंत किती नोंदी उरल्या होत्या, आणि कोणती एक अट काढली तर किती दिसतील, हे त्याच जागी सांगावे. तंत्रज्ञांच्या दृष्टीने हे काम अवघड नाही. एकाच विनंतीऐवजी पाच-सहा मोजण्या कराव्या लागतात. खिडकीपाशी उभ्या असलेल्या बाईला तुमचे नाव नाही असे ऐकावे लागणे, आणि माहेरच्या आडनावाने एक नोंद दिसते आहे, ती तुमची का, असे कुणीतरी विचारणे, यांच्यातले अंतर तेवढ्या मोजण्यांनी भरून निघते.

पुढच्या प्रकरणांत आधी रकाने येतात, मग अटी. अटी कशा जोडायच्या हे तिसऱ्या प्रकरणात येते. पहिली दोन प्रकरणे फक्त रकान्यांबद्दल आहेत: ते कुणी ठरवले, कुणी भरले, कधी बदलले, आणि कुठे रिकामे राहिले.